सासूबाईंच्या माहेरचा लव्हाळा

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसाला लोक निदान "हवा कशी होती?" एवढं तरी विचारतात. मी केनवडकडे जाऊन आले असं सांगितल्यावर शेजारच्या दोघीजणींनी काळजीने विचारलं, "का गं, कोण आजारी होतं?" वाशीम-रिसोडच्या बाजूला माणूस हौसेने जात नाही, त्याच्यावर काहीतरी प्रसंग आलेला असतो, अशी पुण्यात समजूत आहे. मी गवतासाठी गेले होते हे सांगितलं असतं तर आजारी मीच ठरले असते.

गवत हा शब्दही मी नाइलाजाने वापरते. तो लव्हाळा होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते; शिकवते म्हणजे, प्रोफेसरांनी वर्गात सांगितलेलं मुलांकडून प्रयोगशाळेत करून घेते. लव्हाळे हा माझा खास विषय. गवताची काडी गोल आणि बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याची भरीव आणि तिधारी, बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. काही लव्हाळ्यांच्या पात्यांच्या काठांना करवतीसारखे बारीक काटे असतात आणि ते सगळे टोकाकडे वळलेले असतात. बुंध्याकडून टोकाकडे बोट फिरवलं तर काही होत नाही, उलट फिरवलं तर रक्त येतं. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवीत असे आणि दाखवताना माझा चेहरा फार गंभीर होत असे. प्रत्यक्षात माझं सगळं ज्ञान कागदावर डकवलेल्या, वाळून पापड झालेल्या नमुन्यांवरचं होतं. चिखलात उभा असलेला काटेरी लव्हाळा मी कधी पाहिलाच नव्हता.

एकदा जेवताना मी हीच करवतीची हकिगत घरात सांगत होते. आमचे हे नेहमीप्रमाणे आमटीत लक्ष घालून बसले होते. सासूबाई मात्र एकदम म्हणाल्या, "असलं आमच्या गावच्या चिबडीत माणसाच्या छातीइतकं वाढतं. गुरं तोंड लावत नाहीत."

चिबड म्हणजे पाणी न मुरणारी, बारमाही ओली जमीन. त्या शब्दापेक्षा "आमच्या गावच्या" या शब्दांनी आम्ही दोघं दचकलो. माझे सासरे गेल्यापासून सासूबाईंनी माहेरचं नाव घेतलं नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ, बापूमामा, केनवडपासून थोड्या अंतरावरच्या गावात शेती करतात. बहीणभावांत अबोला होता. कशावरून, ते यांना विचारलं तर हे म्हणाले, "मामांच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी." पुरुषांना नात्यागोत्यातलं एवढंच माहीत असतं.

मी ठरवलं की दिवाळीच्या सुटीत तिकडे जायचं. सासूबाई म्हणाल्या, "तू एकटी कशी जाशील? सोबत म्हणून येते मी. माझं तिथे काही काम नाही." मी उदार मनाने होकार दिला. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं: विद्वान सून शास्त्राच्या कामाला निघाली आहे आणि जाता जाता म्हाताऱ्या सासूला माहेरही दाखवून आणते आहे. या चित्रात मी बरीच उंच आणि शांत दिसत होते.

अकोल्याच्या पुढे

दिवाळी झाली, भाऊबीजही झाली आणि मग आम्ही निघालो. माझ्याजवळ नमुने दाबायचं यंत्र होतं. यंत्र कसलं, दोन लाकडी जाळीच्या फळ्या, मध्ये रद्दीचा गठ्ठा आणि आवळायला चामडी पट्टे. अकोल्याला मोटारीत चढताना ड्रायव्हरने आदराने विचारलं, "बाई, पेटी टपावर ठेवू की जवळ पाह्यजे? सूर बिघडतीन." मी कीर्तन करत नाही हे त्याला पटवेपर्यंत माझी उतारूंमध्ये चांगलीच ओळख झाली होती.

खरी गंमत सासूबाईंची. पुण्यात त्यांची भाषा इतकी स्वच्छ, की मीच कधी कधी चाचरते. अकोल्याच्या स्टेशनावर त्या हमालाला म्हणाल्या, "अरे, नीट धर." मोटारस्टँडवर पेरूवाल्या बाईला म्हणाल्या, "काहून वं, इतके महाग?" आणि वाशीमकडचं मालेगाव मागे पडल्यावर शेजारच्या म्हातारीशी "मले", "तुले", "होऊन राह्यलं" असं जे सुरू झालं, ते ऐकून मी त्यांच्याकडे वळून वळून पाहू लागले. माझ्या शेजारी बसलेली बाई कोण, असा प्रश्न पडावा. बाहेर काळीभोर माती, मोटारीच्या खिडकीला घासेल इतकी उंच ज्वारी आणि मधूनमधून कापसाची फुटलेली बोंडं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे जाऊ दिला होता.

यांनी आधी पत्र टाकलं होतं, त्यामुळे केनवडला बापूमामा स्वतः दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे हलकी, दोन बैलांची धावती गाडी. मामा साठीच्या घरातले, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे. त्यांना पाहिल्याबरोबर सासूबाईंचा पदर पुढे आला आणि भाषाही इस्त्री करून परत आली.

मामांनी बहिणीची ट्रंक उचलून गाडीत ठेवली, तिच्याकडे मात्र पाहिलं नाही. मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या सासूले म्हणा, मांगं बसा. समोर दचके लय लागतेत."

सासूबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "त्यांना सांग, दचक्यांची मला सवय आहे."

मी दोन्ही निरोप पोचवले आणि त्या क्षणापासून मला एक नोकरी लागली.

मामांच्या घरी

मामींनी दारातच पायांवर पाणी घातलं. आमच्याकडे पाहुणा आला की प्रथम तो किती दिवस राहणार याचा सावधपणे अंदाज घेतात. इथे मामींनी आमच्या ट्रंका आतल्या खोलीत नेऊन त्यांच्यावर गोधड्यांची चळत रचून ठेवली, म्हणजे त्या सहज बाहेर काढताच येऊ नयेत. मग माझ्या फळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "संध्याकाळी म्हणसान न येखादा अभंग? म्या चार बाया बलावल्या." ड्रायव्हरचा गैरसमज माझ्याआधी गावात पोचला होता. त्या चार बाया आल्या, तेव्हा मी त्यांना लव्हाळ्याबद्दल सांगितलं. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतलं. उठताना एक म्हणाली, "गळा बसला असंन बाईचा, प्रवासानं."

जेवायला पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, वर लाल तेलाचा बोटभर थर. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मामींना वाटलं मी गहिवरले, म्हणून त्यांनी आणखी वाढलं.

आणि निरोप सुरूच होते. बहीणभाऊ एका ओळीत जेवायला बसले, मध्ये मी.

"सूनबाई, सासूले विचारा, भाकर कडक तं नाई झाली? दात कसे हायेत आता?"

"सांग, दात शाबूत आहेत. माणसं ओळखायला लागतात तेवढे."

मामींनी कपाळाला हात लावला. मी हा निरोप सांगताना "माणसं ओळखायला" हा भाग गिळला. पण मामांनी तो ऐकलाच होता. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि ते हात धुवायला उठले. सासूबाईंनी त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. पण त्या मला म्हणाल्या, "ताक घे. तिखट बाधेल."

मी अंथरुणावर पडून विचार केला की हे प्रकरण आपणच मिटवावं. शिकलेल्या माणसाने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या तर काय अवघड आहे? झोप येईपर्यंत मी एक छोटं भाषणसुद्धा तयार केलं होतं.

चिबड

सकाळी मामांनी दमणी जुंपली. मामींनी पाठीमागून ओरडून सांगितलं की दुपारी शेतात रोडगे भाजणार आहोत, वेळेवर या.

चिबड गावाच्या खालच्या अंगाला, जुन्या तळ्याच्या पाठीमागे होती. मी तिचं वर्णन करायला हवं, कारण वाचकांपैकी कोणी तिथे जाईल असं वाटत नाही. तळ्याचं पाणी बांधातून झिरपत झिरपत खाली पसरलं होतं. मध्ये मध्ये आरशासारखे तुकडे, त्यांत पांढरी कमळं. बाकी सगळं हिरवं. आणि ती हिरवाई एकाच जातीची नव्हती. कुठे मऊ, कुठे पिवळट, कुठे पाणकणसांचे तपकिरी दंडुके. गायबगळे पाय जपून टाकत हिंडत होते. चतुर इतके, की हवा चकचकत होती. आणि अगदी मध्यावर, गर्द हिरवा, ताठ, वाऱ्यावर सळसळण्याऐवजी खरखरणारा एक पट्टा होता. तो काटेरी लव्हाळा होता आणि लांबूनही त्याच्या टोकांवर पांढरे ठिपके दिसत होते. फळं! लव्हाळा फळाशिवाय ओळखता येत नाही. आमच्या कॉलेजात असलेला एकुलता एक नमुना नेमका बिनफळांचा होता.

मी साडी खोचली, पिशवी गळ्यात अडकवली आणि विचारलं, "कुठून जाऊ?"

सासूबाई म्हणाल्या, "उजवीकडून जा. तिथे पाण्याखाली सलग खडक आहे. आम्ही लहानपणी त्यावरूनच पळायचो."

मामा बाभळीच्या सावलीतून म्हणाले, "सासूले म्हणा, खडक-बिडक काई नाई तठी. डाव्या हातानं जा, बाभळीच्या कडंकडंनं."

"त्यांना सांग, मी या चिबडीत लहानाची मोठी झाले."

"त्याईले सांगा, मी अजून इथंच हावो."

दोघंही माझ्याकडे पाहत होते. उजवीकडून गेले असते तर मामांचा अपमान, डावीकडून गेले असते तर सासूबाईंचा. रात्रीच्या भाषणाचा प्रभाव माझ्यावर अजून होता. कोणाचंच मन दुखवायचं नाही असं ठरवून मी बरोबर मधून गेले.

सुरुवातीला घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाणी गार आणि छान होतं. मी मागे वळून दोघांना हातही केला. लव्हाळा आता हाताच्या अंतरावर होता. मी पुढचं पाऊल टाकलं आणि ते टेकलंच नाही. दुसरा पाय सोडवायला गेले तर तोही गेला. क्षणात मी कमरेपर्यंत गाळात होते. घाबरून मी समोर आलं ते घट्ट धरलं. ते काटेरी लव्हाळ्याचं पातं होतं. मी खाली जात होते आणि माझा हात पात्यावरून टोकाकडून बुंध्याकडे घसरत होता. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली आकृती मला तेव्हा पूर्णपणे समजली.

माझ्या किंकाळीने बगळे उडाले. मामा कासरा घेऊन धावले. बैलांचा तो लांब दोर त्यांनी फेकला, मी तो काखेतून घेतला आणि मामांनी ओढला. मी हलले नाही. मामांची कंबर मात्र धरली.

"सूनबाई, तडफडू नका! सासूले म्हणा, कासऱ्याले हात लाव!"

सासूबाई त्यांच्या पाठीशीच उभ्या होत्या. तरी मी गाळातून ओरडले, "आई, मामा म्हणताहेत, कासऱ्याला हात लावा!" सवय लागली होती, दुसरं काय.

सासूबाईंनी दोर धरला. आणि धरताच त्यांची इस्त्री मोडली.

"बाभळीकडून पाठवत होता तिले! बाभळीखाली कधी वाट होती रे?"

"खडकावरून कोन पाठवत होतं? तो खडक म्या कवाच फोडून हिरीच्या बांधकामाले लावला!"

"फोडला? मले कळवलं होतं?"

"खडक फोडला हे कळवाचं असते?"

"तू काय कळवशीन! पोरीचं लगन कळवलं नाई, तं खडक काय कळवशीन!"

दोर सैल पडला. मी दोन बोटं खाली गेले. मला मध्ये बोलायचं होतं. पण आता माझी गरज उरली नव्हती. इतक्या वर्षांत प्रथमच ती दोघं एकमेकांकडे तोंड करून बोलत होती.

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "कसं कळवू, अक्का? भाऊजी जाऊन सहा मयने नोहते झाले. तुह्या घरी रडणं, अन् मी वाजंत्रीची चिठ्ठी धाडू?"

"धाडली असती तरी मी येत नव्हती."

"मंग?"

"मंग काय? धाडाची होती! मी नाई म्हटलं असतं. घरात बसून रडली असती. पन भावानं मले बोलावलं होतं, येवढं तं राह्यलं असतं माह्यापाशी." सासूबाईंचा आवाज फाटला. "साऱ्या जगानं माहं भुंडं कपाळ पाह्यलं, ते मी सोसलं. तू बी कपाळच पाह्यलं का रे, बापू?"

मामांनी दोर सोडून दिला आणि ते बांधावर खाली बसले. "नाई वं. देवाशपथ नाई. तुह्यं तोंड पाहाले भेलो मी. आज लिहीन, उद्या लिहीन, करता करता लगन होऊन गेलं. मंग लिहाले लाज वाटली. इतकी वर्सं लाजच वाटून राह्यली."

सासूबाई त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. दोघंही रडत होती. मला फार भरून आलं. तसंच गाळही पोटाच्या वर आला होता. अशा वेळी बोलणं किती असंस्कृत, हे मला कळत होतं; पण शेवटी मी अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई, तुमचं झालं असेल तर…"

"बाई गं! सूनबाई!" असं एकदम ओरडून दोघं उठली. त्यानंतर त्यांनी मला ज्या ताकदीने ओढलं ती साठीच्या माणसांची नव्हती. मी सुटले, दोघांच्या अंगावर जाऊन आदळले आणि आम्ही तिघं बांधावर एकमेकांवर पडलो. चपला चिबडीने ठेवून घेतल्या. हाताचे तळवे कापून लाल झाले होते. उजव्या मुठीत मात्र लव्हाळ्याचं एक पातं अजून होतं. नुसतं पातं, बिनफळांचं.

शेतात पोचलो तेव्हा गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे बाहेर निघत होते. मामींनी माझ्याकडे एक नजर टाकली, मग नवऱ्याच्या आणि नणंदेच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता एक रोडगा फोडून त्यात तूप ओतलं. माझे हात हळद-तेलाने बांधलेले, त्यामुळे सासूबाईंनी तो वांग्याच्या भाजीत कुस्करून मला घासाघासाने भरवला. शेजारच्या शेतातल्या बायका कापूस वेचता वेचता हे दृश्य पाहायला थांबल्या. पुण्याची सून सासूच्या हातून जेवते, हे त्यांनी आजवर ऐकलंही नव्हतं.

म्हशीची सोय

दुसऱ्या दिवशी मला घरी बसवून बहीणभाऊ विळा घेऊन चिबडीवर गेले. "तुले पाह्यजे ते आमी आणतो," मामा म्हणाले. मी फळांबद्दल, मुळांबद्दल, तिधारी काडीबद्दल सविस्तर सांगितलं. दोघांनी मान डोलावली.

दुपारी दमणी भरून चारा आला. त्यात गवत होतं, पाणकणसं होती, कमळाचे देठ होते, कोणाच्या तरी बांधावरची ज्वारीची दोन ताटंसुद्धा होती. मूळ एकाही झाडाला नव्हतं. आणि दोघं वाटेत जुनं काहीतरी आठवून हसत होती, ती दारात आल्यावरही थांबेनात. मामी म्हणाल्या, "दोघांनी मिळून माह्या म्हशीची आठवडाभराची सोय केली."

मी तो ढीग कोपरांनी उपसत बसले. तळाशी खरखर लागली. काटेरी लव्हाळ्याचे काही देठ होते, आणि त्यांच्या टोकांना फळं! तांदळाच्या कणीएवढी, गोल, पांढरीशुभ्र, पोर्सेलीनसारखी चकचकीत. पुस्तकातल्या चित्रावरून मी मुलांना ती कायम करड्या रंगाची म्हणून सांगत आले होते. मामींनी देठ रद्दीत पसरले, मी तोंडाने सूचना दिल्या, आणि पट्टे आवळेनात म्हणून बापूमामा फळ्यांवर मांडी घालून बसले. सासूबाई म्हणाल्या, "बस तसाच. लहानपणापासून तुले दुसरं काई येत नाई."

परत

निघायच्या दिवशी मी माझी ट्रंक गोधड्यांखालून ओढून काढली. सासूबाईंची काढायला गेले तर त्या म्हणाल्या, "राहू दे ती." मी पाहिलं. त्या परसात मामींच्या बाजूला बसून तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संक्रांत करून येईन म्हणते. तुझं तुला जमेल ना घरचं?"

जमेल, असं मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी त्यांना माहेर दाखवायला आणलं होतं. त्यांनी माझ्या गवताच्या आडून माहेर गाठलं होतं, हे कळायला मला एवढा प्रवास लागला. मामांनी केनवडला मोटारीत बसवून दिलं, सासूबाई दमणीत पुढे, दचक्यांच्या जागी बसून सोडायला आल्या होत्या. मोटार हलली तेव्हा दोघंजण बैलांना पाणी वैरणीआधी पाजायचं की नंतर यावर वाद घालत होती.

माझ्या शेजारी एक पोक्त शेतकरीण बसली होती. तिने माझे बांधलेले हात पाहिले, फळ्यांचा गठ्ठा पाहिला.

"मायेरी गेलती का, बाई?"

"नाही. सासूबाईंच्या माहेरी."

"सासू कुठी हाय मंग?"

"तिथेच ठेवून आले."

"संक्रांतीलोक?"

"हो."

"बाप्पा!" ती मनापासून आनंदली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सुटली माय तू! नशीब लागते त्याले."

मी हसायला तोंड उघडलं, पण आता जेवताना माझी हकिगत ऐकायला संक्रांतीपर्यंत सासूबाई नसणार, हे आठवलं आणि मला रडूच आलं. खिडकीबाहेर पाहत मी डोळे मिटमिटत राहिले. तिला वाटलं हात दुखताहेत. बिचारीने आपल्या शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला. मालेगाव येईपर्यंत ती मला भरवत होती आणि मी रडत होते. उतरताना तिने सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लय जाच असन बिचारीले सासूचा."